तुटू न देण्याचा हट्ट: मॅडोनाचा ‘कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोअर’ आणि त्याचे दुहेरी स्वागत

अमेरिकी पॉप गायिका मॅडोनाच्या ‘कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोअर’ या अल्बममधून २००५ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षभरात चार गाणी सिंगल म्हणून, म्हणजे सुटी, बाजारात आली. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ हे साप्ताहिक क्लबांमध्ये डीजे काय वाजवतात यावर एक स्वतंत्र क्रमवारी प्रसिद्ध करत असे. तीत ही चारही गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. त्याच साप्ताहिकाची मुख्य क्रमवारी म्हणजे ‘हॉट १००’. रेडिओवर गाणे किती वाजते आणि किती विकले जाते या दोन्हींची सांगड त्या काळी तिच्यात घातलेली असे. या क्रमवारीत पहिले गाणे सातव्या स्थानापर्यंत चढले, दुसरे ५८ व्या स्थानावर अडले आणि उरलेल्या दोघांना शंभरांत जागाच मिळाली नाही. गाणी तीच, देश तोच, महिनेही तेच. अमेरिकेबाहेर तर हा अल्बम धरून चाललेली लाट अशी होती की एकंदर ४० देशांत तो पहिल्या क्रमांकावर पोहोचला आणि जगभरात त्याच्या सुमारे १ कोटी प्रती खपल्या.

एकाच कलाकृतीला नाचणाऱ्यांनी डोक्यावर घ्यावे आणि त्याच देशातील रेडिओने तिच्याकडे पाठ फिरवावी, हे कसे घडले हा या प्रकरणाचा विषय आहे. माझे म्हणणे असे की, अल्बमचे बळ आणि अमेरिकेतील त्याची अडचण ही दोन्ही एकाच निर्णयाची फळे आहेत. ५६ मिनिटे आणि १२ गाणी यांच्यामध्ये संगीत कुठेही तुटू द्यायचे नाही, ऐकणारा उभा आहे तो नाचाच्या फरशीवरच असे समजून प्रत्येक गाणे बेतायचे, असा तो निर्णय होता. अडचणीला इतर कारणेही होती आणि त्यांतली काही जुनी होती; ती आधी पाहिली पाहिजेत.

आधीचा अल्बम आणि त्याचे सावट

मॅडोनाचा यापूर्वीचा अल्बम, ‘अमेरिकन लाइफ’, एप्रिल २००३ मध्ये आला तेव्हा इराकवरील हल्ला सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. शीर्षकगीताच्या चित्रफितीत लष्करी पोशाखांचा फॅशन शो होता आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यासारख्या दिसणाऱ्या माणसाकडे हातबॉम्ब फेकला जात होता. देशातील हवा पाहून तिने ती चित्रफीत अमेरिकेत झळकण्याआधीच मागे घेतली. अल्बम पहिल्या आठवड्यात २ लाख ४१ हजार प्रतींसह अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आला खरा, पण नंतर तो झपाट्याने उतरला. त्यातील ‘हॉलिवूड’ हे गाणे तर ‘हॉट १००’ मध्ये शिरलेच नाही. ही नोंद लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण अमेरिकी रेडिओचे दार मॅडोनासाठी ‘कन्फेशन्स’च्या दोन वर्षे आधीच अर्धे लोटले गेले होते; ‘कन्फेशन्स’मधल्या डिस्कोमुळे, म्हणजे १९७० च्या दशकातल्या क्लबांतील नृत्यसंगीताच्या ढंगामुळे, ते बंद झाले, असे म्हणणे सोपे असले तरी पुरते खरे नाही.

‘अमेरिकन लाइफ’मध्ये गिटार होती, रॅपच्या अंगाने केलेले एक लांबलचक स्वगत होते आणि प्रसिद्धी, पैसा, भौतिक सुख यांच्याविषयी बराच उपदेश होता. त्यातली काही गाणी मला आजही चांगली वाटतात, पण एकूण सूर कीर्तनकाराचा आणि तोही श्रोत्यांवर रागावलेल्या कीर्तनकाराचा होता. २००४ मध्ये तिने ‘री-इन्व्हेन्शन’ नावाचा ५६ कार्यक्रमांचा दौरा केला आणि त्यात जुनी गाणी नव्या रूपात सादर केली. या दौऱ्याचा संगीत दिग्दर्शक होता स्टुअर्ट प्राइस. २००१ च्या ‘ड्राउन्ड वर्ल्ड’ दौऱ्यापासून तो तिच्याबरोबर होता. पुढच्या अल्बमची सूत्रे ज्याच्या हाती जायची होती, तो माणूस रोज संध्याकाळी मंचावर तिच्या मागेच उभा होता, हे नंतर पाहताना गमतीचे वाटते.

माळ्यावरची खोली

प्राइसचा जन्म १९७७ चा, म्हणजे मॅडोनापेक्षा तो १९ वर्षांनी लहान. ‘ले रिदम दिजिताल’, ‘झाक लू काँ’, ‘थिन व्हाइट ड्यूक’ अशा निरनिराळ्या नावांनी तो नृत्यसंगीत आणि रीमिक्स करत असे. ‘झूट वुमन’ या चमूतही तो होता. लंडनमधील त्याच्या घराच्या माळ्यावर एक छोटा स्टुडिओ होता आणि अल्बमचा मोठा भाग तिथेच घडला. जगातील सर्वांत श्रीमंत गायिकांपैकी एक अरुंद जिना चढून वर जाते, मायक्रोफोनसमोर उभी राहते आणि दोघे मिळून एका संगणकासमोर बसतात, एवढाच सगळा थाट. मोठ्या स्टुडिओत येणारा पाहुणेपणा इथे नव्हता, आणि माझ्या मते तो अल्बमच्या आवाजातही ऐकू येत नाही: वाद्यमेळ भरगच्च आहे, पण त्यात शोभेसाठी ठेवलेले काहीही नाही.

प्राइसची आणखी एक सवय इथे महत्त्वाची ठरली. क्लबमध्ये डीजे म्हणून वाजवायला जाताना तो तयार होत असलेली गाणी गायन वगळून सोबत नेत असे आणि कोणत्या जागी गर्दी उसळते, कुठे ती पेल्यांकडे वळते, हे पाहत असे. आवाजच नसल्यामुळे गाणे कोणाचे आहे हे कुणाला कळण्याचा प्रश्न नव्हता. मॅडोना या नावाभोवती २००५ पर्यंत जे काही साचले होते, कौतुक, कंटाळा, राग, ते सगळे बाजूला काढून केवळ ठेक्याची पारख करण्याची ही युक्ती होती. रेकॉर्ड कंपन्यांचे सर्वेक्षण जे सांगू शकत नाही ते अनोळखी माणसांचे पाय सांगतात. मात्र याची दुसरी बाजू अशी की, या कसोटीवर उतरलेली रचना नाचणाऱ्या शरीरासाठी घासूनपुसून सिद्ध झालेली असते. गाडीच्या रेडिओवर दोन जाहिरातींच्या मध्ये तिला साडेतीन मिनिटांत स्वतःची ओळख करून द्यायची आहे, हा विचार त्या परीक्षेत कुठेच नसतो.

सगळीच गाणी एकट्या प्राइसची नव्हती. ‘फ्युचर लव्हर्स’मध्ये मिरवेस अहमदझाई होता, ज्याने ‘म्युझिक’ आणि ‘अमेरिकन लाइफ’ हे अल्बम घडवले होते. ‘हाऊ हाय’मध्ये ‘ब्लडशाय अँड अव्हांत’ ही स्वीडिश जोडी होती. पण गाण्यांचे सांधे जुळवणारा हात प्राइसचाच आहे, आणि या अल्बममध्ये सांधा हाच मुख्य कलाप्रकार आहे.

घड्याळ, बंद दार आणि स्टॉकहोमला पाठवलेले पत्र

अल्बमची सुरुवात करणाऱ्या ‘हंग अप’ या पहिल्या सिंगलचे पहिले मिनिटभर बारकाईने ऐकले तर अल्बमची सगळी रीत हाती लागते. सुरुवातीला घड्याळाची टिकटिक आहे. तिच्यावर अत्यंत ओळखीची एक सुरावट येते, पण ती दबलेली आहे. पलीकडच्या खोलीत दार लावून कोणी जुनी तबकडी लावली असावी, तशी. हे काम फिल्टरचे: आवाजातील वरच्या पट्टीचे कंप आधी कापून टाकायचे आणि मग बटण हळूहळू फिरवत एकेक थर परत आणायचा. दार उघडत जाते, सुरावट उजळत जाते, आणि ती पूर्ण उघडी पडते त्याच क्षणी ठेका येऊन आदळतो. क्लबमध्ये या युक्तीला शतकाचा नसला तरी दशकांचा इतिहास आहे. तिचा परिणाम मात्र कानावर नव्हे, पोटात होतो, आणि त्यासाठी ते आधीचे थांबणे अनुभवावे लागते. रेडिओचा निवेदक बरोबर त्याच थांबण्यावर बोलत असतो.

ती ओळखीची सुरावट म्हणजे ‘अब्बा’ या स्वीडिश चमूच्या १९७९ च्या ‘गिमी! गिमी! गिमी!’ची. ‘अब्बा’ची गाणी रचणारे ब्योर्न उल्व्हेउस आणि बेनी अँडरसन हे आपल्या संगीताचे तुकडे वापरायला सहसा परवानगी देत नाहीत. त्यापूर्वी ती मिळाली होती फक्त ‘फ्यूजीज’ या अमेरिकी चमूला, १९९६ मध्ये. मॅडोनाने आपला माणूस पत्र आणि गाणे घेऊन स्टॉकहोमला पाठवला आणि विनंती केली. दोघांनी विचार करून होकार दिला, आणि गीतकारांत त्यांची नावे आली.

या उसनवारीवर तेव्हा टीका झाली की, गाण्यातला सर्वांत लक्षात राहणारा भाग मॅडोनाचा नाहीच. आक्षेप वस्तुस्थिती म्हणून बरोबर आहे, पण दोन्ही गाणी शेजारी ठेवून ऐकल्यावर तो मला अपुरा वाटतो. ‘अब्बा’च्या गाण्यातली बाई मध्यरात्री एकटी दूरचित्रवाणीसमोर बसून सोबतीसाठी झुरते. मॅडोनाच्या गाण्यातली बाई फोनची वाट पाहून कंटाळते आणि यापुढे वाट पाहणार नाही असे ठरवते. पहिलीचा प्रश्न होता, दुसरीने २६ वर्षांनी त्याला उत्तर दिले. टिकटिक त्या वाट पाहण्याचीच आहे. सुरावट उचलताना प्रसंगही उचलला आणि त्याचा शेवट बदलला, हे निव्वळ हात मारण्यापेक्षा बरेच अधिक आहे.

चित्रफितीविषयी एवढेच सांगायला हवे की, १६ ऑगस्ट २००५ रोजी, आपल्या ४७ व्या वाढदिवशी, मॅडोना घोड्यावरून पडली होती. बरगड्या, गळपट्टीचे हाड आणि हात यांना इजा झाली. त्यानंतर काही आठवड्यांतच योहान रेन्क या दिग्दर्शकाने ‘हंग अप’चे चित्रीकरण केले, ज्यात ती गुलाबी लिओटार्ड, म्हणजे नर्तकींचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख, घालून रिकाम्या नृत्यशाळेत शरीर ताणते, वळवते, सैलावते. अमेरिकी अभिनेता जॉन ट्रॅव्होल्टाच्या नृत्यपटांना केलेला तो नमस्कार होता. अंग मोकळे करणाऱ्या बाईचे ते दृश्य दुखापत ठाऊक असताना पाहिले की निराळेच दिसते.

अखंड संगीत, सुटी विक्री

अल्बम नोव्हेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सीडीवर एक गाणे संपून दुसरे सुरू होते ती जागा बोटाने दाखवता येत नाही. एकाचा ठेका दुसऱ्याच्या पायाखाली आधीच सरकलेला असतो. आपल्याकडे हळदीच्या रात्री लागणाऱ्या नॉनस्टॉप कोळीगीतांच्या कॅसेटवर जे नाचले आहेत त्यांना यातले तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही: गाणे कोणते हा प्रश्न गौण, वर्तुळ मोडता कामा नये. फरक असा की तिथे तयार गाणी जोडलेली असतात आणि इथे जोडण्यासाठीच गाणी लिहिलेली आहेत. सुरुवातीची गाणी हलकी, उल्हासाची. पुढे प्रकाश उतरत जातो आणि प्रसिद्धी, श्रद्धा, एकटेपण यांच्याविषयीचे बोलणे सुरू होते. शीर्षकातला ‘कन्फेशन्स’ हा शब्द चर्चमधल्या कबुलीजबाबाचा आहे, आणि कॅथलिक घरात वाढलेल्या बाईने तो खोलीऐवजी फरशीवर आणून ठेवावा यात तिच्या आधीच्या सगळ्या कारकिर्दीचा धागा आहे.

आता या रचनेची वेळ पाहा. ॲपलच्या आयट्यून्स या ऑनलाइन दुकानात मॅडोनाची गाणी बराच काळ नव्हती. तिचा आतापर्यंतचा संग्रह तिथे आला तो २००५ च्या सप्टेंबरात, अल्बमच्या दोन महिने आधी. त्या दुकानात एक गाणे ९९ सेंटला सुटे मिळत असे. म्हणजे ज्या वर्षी श्रोते अल्बम फोडून हवे तेवढेच उचलू लागले होते, त्याच वर्षी तिने न फुटणारा अल्बम केला. सुटे गाणे घेतले तर ते आधीच्या गाण्याच्या शेपटीने सुरू व्हायचे आणि पुढच्याच्या डोक्यावर कापले जायचे. म्हणून गाणी वेगवेगळी तोडलेली दुसरी आवृत्तीही डिजिटल स्वरूपात उपलब्ध करावी लागली. ती ऐकल्यावर अखंडतेने नेमके काय साधले होते ते कळते. ‘गेट टुगेदर’ एकटे ऐकले तर ते एक गोड, जरा पातळ गाणे वाटते. ‘हंग अप’च्या धगीतून थेट त्यात उतरलो की ते धापा टाकून झाल्यावरच्या थंड वाऱ्यासारखे लागते. त्याचे अर्धे गुण त्याच्या जागेत आहेत. आणि रेडिओवर गाण्याला जागा नसते, फक्त वेळ असते.

अल्बमची कच्ची बाजूही इथेच सांगून टाकतो. ‘आय लव्ह न्यूयॉर्क’ची शब्दकळा लाज आणणारी आहे, शहराच्या नावाशी ‘डॉर्क’ या शब्दाचे यमक जुळवणे शाळकरी पोरालाही सुचू नये, आणि अनेक समीक्षकांनी त्यावर नेमके बोट ठेवले. ‘पुश’पाशी पोहोचेपर्यंत वेगही जरा ओसरतो. पण ठेका चालू असल्यामुळे या दुबळ्या जागाही वाहून जातात. अखंडतेचा हा फायदा थोडा फसवा आहे, हे मान्य केले पाहिजे.

आठ भाषांतील माफी

दुसरे सिंगल ‘सॉरी’. प्रियकराचे तेच ते माफीचे शब्द ऐकून विटलेल्या बाईचे हे गाणे, म्हणून त्यात निरनिराळ्या भाषांतील माफीनामे पेरले आहेत: फ्रेंच, स्पॅनिश, डच, इटालियन, जपानी, पोलिश, हिब्रू, आणि त्यांच्याबरोबर हिंदीतले ‘मुझे माफ कर दो’. भारतीय श्रोत्याचा कान तिथे हमखास टवकारतो. मजा अशी की डच भाषेतला माफीनामा चुकला आहे. तिने उच्चारलेल्या वाक्याचा डचमधला अर्थ ‘मी दुःखी आहे’ असा होतो. माफी मागायला डच माणूस ते वाक्य वापरत नाही. इंग्रजीतला ‘सॉरी’ हा शब्द माफी आणि खेद दोन्हींसाठी चालतो, त्यामुळे शब्दकोश उघडून केलेल्या भाषांतरात असे घसरणे होते. पोकळ माफ्यांविषयीच्या गाण्यात एक माफी खरोखरच पोकळ निघावी, हा योगायोग मला तरी गाण्याच्या बाजूनेच वाटतो. ब्रिटनमध्ये ‘हंग अप’पाठोपाठ हे गाणेही पहिल्या क्रमांकावर गेले. अमेरिकेत जे ५८ व्या स्थानावर थांबले ते हेच.

‘आयझॅक’वरचा वाद

अल्बम बाहेर येण्याच्याही आधी एक वाद उभा राहिला. मॅडोना तेव्हा कबाला या यहुदी गूढविद्येच्या एका आधुनिक संस्थेशी जोडलेली होती. ‘आयझॅक’ हे गाणे सोळाव्या शतकातील कबालाचे थोर आचार्य आयझॅक लुरिया यांच्यावर आहे अशी बातमी इस्रायलमध्ये आली आणि काही रब्बींनी जाहीर निषेध केला. संताच्या नावाचा धंद्यासाठी वापर धर्मशास्त्राला मान्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गाणे तोवर कोणी ऐकलेले नव्हते. मॅडोनाचा खुलासा असा होता की, नाव आले ते गाण्यात गाणाऱ्या यित्झाक सिनवानी या लंडनच्या गायकावरून; यित्झाक हे आयझॅकचेच हिब्रू रूप.

सिनवानीने त्यात गायिलेले शब्द सतराव्या शतकातील येमेनी यहुदी कवी शालोम शबाझी यांच्या ‘इम निन’आलू’ या पदातले आहेत. दानशूरांची दारे बंद झाली तरी स्वर्गाची दारे कधी बंद होत नाहीत, असा त्याचा आशय. हेच पद ओफ्रा हाझा या येमेनी वंशाच्या इस्रायली गायिकेने १९८०च्या दशकात नृत्यसंगीताच्या ठेक्यावर युरोपभर गाजवले होते. भक्तिरचना आणि नाचाचा ठेका यांची गाठ मॅडोनाने पहिल्यांदा मारली, असे त्यामुळे म्हणता येणार नाही; त्या वादाच्या धुरळ्यात हा साधा इतिहास फारसा कोणी सांगितला नाही. संगीताच्या दृष्टीने मात्र ‘आयझॅक’ अल्बममध्ये जरा परका राहतो. मायक्रोफोनसमोर डोळे मिटून गाणाऱ्या माणसाचा तो खरखरीत, कंप पावणारा स्वर इतका सच्चा आहे की भोवतालचा चकचकीत ठेका त्याच्यापुढे ओशाळतो.

समीक्षकांचा कौल

परीक्षणे बहुतांशी अनुकूल होती. निरनिराळ्या परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’वर अल्बमला शंभरपैकी ८० गुण मिळाले, आणि ‘अमेरिकन लाइफ’ने दुरावलेले बरेच लेखक परत वळले. डिस्कोच्या इतिहासाशी अल्बमचे नाते जवळपास सर्वांनी ओळखले: ‘फ्युचर लव्हर्स’मध्ये संगीतकार जॉर्जिओ मोरोडर आणि गायिका डोना समर यांच्या १९७७ च्या ‘आय फील लव्ह’ची धडधड आहे, आणि हे ऋण लपवण्याचा प्रयत्नही नाही, पुढे दौऱ्यात तिने ही दोन गाणी एकमेकांत गुंफूनच गायिली. ‘रोलिंग स्टोन’च्या परीक्षणात कौतुकाबरोबर असाही अंदाज होता की, तिच्या सुरुवातीच्या क्लबगीतांइतका हा अल्बम काळाच्या कसोटीवर टिकणार नाही. दोन दशकांनंतर या अंदाजाकडे पाहणे उद्बोधक आहे, कारण या काळात नृत्यप्रधान पॉप अल्बम करणाऱ्या गायिकांनी वारंवार ज्याच्याकडे पाहिले तो नमुना हाच. कायली मिनोगचा २०१० चा ‘ॲफ्रोडायटी’ प्राइसच्याच देखरेखीखाली झाला आणि दुआ लिपाच्या २०२० च्या ‘फ्युचर नॉस्टॅल्जिया’तही त्याचा हात आहे.

रेडिओ का फिरला

विक्रीचे आकडे पाहिले तर अमेरिकी ग्राहक रुसला नव्हता हे स्पष्ट दिसते. पहिल्याच आठवड्यात तिथे सुमारे ३ लाख ५० हजार प्रती गेल्या, म्हणजे ‘अमेरिकन लाइफ’पेक्षा लाखभर अधिक, आणि अल्बम पहिल्या क्रमांकावर आला. ‘हंग अप’ डाउनलोडच्या जोरावर सातव्या स्थानी पोहोचले आणि पहिल्या दहांत ३६ गाणी नेण्याच्या एल्व्हिस प्रेस्लीच्या विक्रमाशी मॅडोनाने बरोबरी केली. अडथळा होता तो गाणी निवडणाऱ्या रेडिओ केंद्रांचा. चाहत्यांनी हा बहिष्कारच आहे असे म्हणत ऑनलाइन सह्यांची मोहीम काढली. मला यात कट दिसत नाही. दिसतात ती तीन-चार साधी कारणे, जी एकाच दिशेने ढकलत होती.

त्या शरद ऋतूत अमेरिकेच्या क्रमवारीवर रॅपर कान्ये वेस्टचे ‘गोल्ड डिगर’ दहा आठवडे ठाण मांडून होते, आणि हिट गाणी लावणाऱ्या केंद्रांचा सगळा कलच हिपहॉप आणि आर अँड बी यांकडे होता. त्या गाण्यांचा ठेका संथ, रुंद आणि मोकळ्या जागांचा. ‘हंग अप’ मिनिटाला १२५ ठोक्यांनी धावते. दोन्ही एकामागून एक लावली तर कार्यक्रमाचा पोत फाटतो, आणि केंद्र चालवणारा तेच टाळतो. तरुण श्रोत्यांसाठीची केंद्रे ४७ वर्षांच्या गायिकेला नवी गायिका म्हणून लावायला कचरत होती, तर प्रौढांसाठीच्या केंद्रांना तिची १९८० च्या दशकातली गाणी पुरेशी होती. वयाचा हा नियम पुरुष गायकांना तितक्या काटेकोरपणे लागत नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. शिवाय मालकी मोजक्या कंपन्यांकडे एकवटलेली असल्यामुळे एका ठिकाणी झालेला नकार शेकडो केंद्रांत पोहोचत असे.

आणि याखाली एक जुनी अढी आहे. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये एका रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. डिस्को हे कृष्णवर्णीयांचे, लॅटिनोंचे, समलिंगी पुरुषांचे संगीत होते, आणि त्या द्वेषात हे सगळे मिसळलेले होते. त्यानंतर अमेरिकेत त्या संगीताने क्लबांत आसरा घेतला. युरोपात तसा खंड पडलाच नाही. ‘अब्बा’चे ते गाणे आले ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. २००५ मध्ये लंडन, मिलान, माद्रिद इथल्या रेडिओला ‘हंग अप’ हे सलग परंपरेतले पुढचे गाणे वाटले, तर अमेरिकी केंद्राला ते जुन्या काळाची नक्कल वाटले. अमेरिकी क्लबांना मात्र ते आपल्या घरचेच वाटले, कारण ती परंपरा जपली होती त्यांनीच. सुरुवातीला दिलेल्या दोन क्रमवाऱ्यांतली दरी ही मुळात या दोन अमेरिकांमधली दरी आहे.

दौरा आणि नंतर

मे ते सप्टेंबर २००६ या काळातील ‘कन्फेशन्स’ दौऱ्यात ६० कार्यक्रम झाले आणि १९ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न आले. गायिकेच्या दौऱ्याला तोवर एवढे उत्पन्न मिळाले नव्हते. आरशांनी मढवलेल्या क्रूसावर काट्यांचा मुकुट घालून गाण्याचा प्रसंग सर्वाधिक गाजला. आफ्रिकेतील एड्समुळे अनाथ झालेल्या मुलांचा आकडा त्या वेळी तिच्या डोक्यावर सरकत असे, आणि रोममध्ये, व्हॅटिकनपासून हाकेच्या अंतरावर, तिने तो वगळला नाही. टीका व्हायची तेवढी झाली. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर कार्यक्रम दाखवला गेला तेव्हा मात्र कॅमेऱ्याने तो क्रूस टाळला. फेब्रुवारी २००७ मध्ये अल्बमला सर्वोत्कृष्ट इलेक्ट्रॉनिक आणि नृत्यसंगीत अल्बमचे ग्रॅमी मिळाले. मुख्य विभागांत त्याचे नाव नव्हते.

एवढ्या यशानंतर प्राइसबरोबर दुसरा तसाच अल्बम काढणे स्वाभाविक ठरले असते. मॅडोनाने ते केले नाही. २००८ च्या ‘हार्ड कँडी’साठी ती टिंबलंड, जस्टिन टिंबरलेक आणि फॅरेल विल्यम्स यांच्याकडे, म्हणजे ज्यांची गाणी अमेरिकी रेडिओवर दिवसभर वाजत त्यांच्याकडे गेली. त्यातले ‘फोर मिनिट्स’ हे पहिले सिंगल ‘हॉट १००’ मध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. अल्बमची जगभरातली विक्री ‘कन्फेशन्स’च्या निम्म्यालाही पोहोचली नाही.